काचेवरचा अंगठा

पंखा फिरतोय, पण त्याचा वारा केतकीपर्यंत पोचत नाही. जेवणं झाली आहेत. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर ती घटकाभर आडवी झाली आहे आणि झोपायचं नाही, झोपायचं नाही असं स्वतःला बजावत डोळे मिटते आहे. आत सासूबाई शेंगा फोडताहेत. एक कट्ट, मग जरा शांतता, मग आणखी एक कट्ट. केतकी त्यांना आत्याबाई म्हणते. पायथ्याशी ट्रायपॉडवर कॅमेरा उभा आहे. पडायच्या आधी तिनं त्याच्या नव्या लेन्सची काच ब्रशनं झाडली, मऊ फडक्यानं पुसली आणि वर झाकण लावलं.

लेन्स सकाळीच कुरिअरनं आली आणि उद्या परत जायची आहे. पुण्याच्या एका दुकानदारानं ती नुसती तपासायला पाठवली आहे. केतकीचं कामच ते. लेन्स मागवायची, तिच्यातून फोटो आणि व्हिडिओ काढायचे आणि खरं काय, खोटं काय ते मराठीत लोकांना सांगायचं. बार्शीत बसून हा उद्योग करणारी बहुधा ती एकटीच असावी. ही लेन्स भलतीच ऐसपैस बघते, एवढ्याशा खोलीत उभं राहिलं तरी चारी भिंती पकडते. शिवाय उजेड इतका ओढून घेते की घरातल्या अंधाऱ्या बोळातही दिवा लावावा लागत नाही. सकाळपासून केतकी त्या बोळाचेच फोटो काढते आहे. टोकाला स्टूल, स्टुलावर पितळी तांब्या. त्या जागी खरं तर अण्णा असायचे.

अण्णा म्हणजे तिचे सासरे, भगवंत गव्हाणे. जन्मभर नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलं आणि निवृत्त झाले. लेन्स तपासायला समोर माणूस लागतो, आणि घरात रिकामा माणूस तेवढाच. केतकीनं हाक मारली की अण्णा बोळाच्या टोकाला जाऊन पोलीस भरतीला आल्यासारखे ताठ उभे राहायचे. ‘हलू नका’ म्हटलं की श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. ‘झालं’ म्हटलं की भस्सकन श्वास सोडायचे, हसत हसत पुढे यायचे आणि ‘बघू तरी नवी काच’ म्हणत शेंगदाण्यांनी तेलकट झालेला अंगठा थेट लेन्सवर टेकवायचे. ‘अण्णा, हात नको!’ असं केतकी इकडून ओरडायची, आत्याबाई आतून ओरडायच्या. दोघींचाही काही उपयोग व्हायचा नाही. अण्णा होते तोवर त्यांचा अंगठा उमटल्याशिवाय या घरातून एकही लेन्स परत गेली नाही.

परवा अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानंच त्यांना कोट चढवला, टाय बांधला आणि गालावरचा तीळही पुसून टाकला. उभ्या जन्मात कोट न घातलेला माणूस गेल्यावर बँकेचा साहेब झाला. आत्याबाई त्या फोटोला ‘कोटवाले पाव्हणे’ म्हणतात. काल तर त्यांनी सांगूनच टाकलं, “परवा येणारे-जाणारे पडू देत पाया. मी न्हाई पडायची. हे आमचे न्हवंतच.”

मग केतकीनं जुने फोटो उपसले. लग्नकार्यातल्या फोटोंत अण्णा पंगतीत वाढताना पाठमोरे. लेन्स तपासताना काढलेले मात्र ढिगानं निघाले, आणि त्या सगळ्यांत तोच एक श्वास कोंडलेला माणूस. आत्याबाई एकेक बघत होत्या आणि मान हलवत होत्या. घरात एवढे कॅमेरे आणि सासऱ्याचा एक धड फोटो नाही, हे केतकीला कालपासून आतून खातं आहे.

कट्ट. मग बराच वेळ कट्ट नाही. पंख्याचा आवाज बदलत जातो. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, तसा होतो.

केतकी कॅमेऱ्याला डोळा लावून उभी आहे. कधी उठली ते तिला आठवत नाही. बोळ लेन्समधून दिसतो तसा लांबच लांब गेला आहे, आणि कॅमेऱ्यापासून डोळा काढला तरी तो तेवढाच लांब राहतो. दोन्हीकडच्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलल्या आहेत. तिला त्याचं नवल वाटत नाही. अशा लेन्समध्ये भिंती कलतातच.

“माझ्या जागी भांडं बसवलंस व्हय गं?”

आवाज टोकाकडून येतो. स्टूल रिकामं आहे. तांब्या अण्णांच्या हातात आहे आणि ते मान वर करून, तोंडाला न लावता पाणी पीत आहेत. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी. गालावरचा तीळ जागच्या जागी आहे. तो तीळ बघूनच केतकीला रडू फुटतं.

“तुम्ही नव्हता ना,” ती म्हणते. “म्हणून ठेवला.”

“हलत तर न्हाई?”

“नाही.”

“मग माझ्यापेक्षा बराय की.”

केतकी डोळे पुसते. तिला घाई झाली आहे, कशाची ते नीट कळत नाही, पण ही संधी हातची घालवायची नाही एवढं कळतं. “अण्णा, उभे राहा. परवाला फोटो लागणार आहे तुमचा.”

अण्णा तांब्या स्टुलावर ठेवतात आणि ताठ होतात.

“हलू नका.”

“आता कुठं हलायचंय?”

“आणि श्वास घेतलात तरी चालेल.”

“ती सवय न्हाई राहिली आता,” अण्णा म्हणतात. पाणी आज उशिरा सुटेल, असं सांगावं इतक्या साधेपणानं ते हे सांगतात.

ती बटण दाबते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोळ आहे, स्टूल आहे, आणि अगदी टोकाला शेंगदाण्याएवढे अण्णा. ही लेन्स सगळं जग आत घेते, पण माणसाला दूर ढकलते. माणूस हवा असेल तर हात लागेल इतकं जवळ जावं लागतं. सकाळी हेच वाक्य तिनं व्हिडिओसाठी तयार केलं होतं.

“जवळ ये की मग,” अण्णा म्हणतात.

कॅमेरा हातात घेऊन केतकी चालू लागते. पायाखालची फरशी आधी गार लागते, मग ओली. भिंती गोल होत जातात. आता ती पाण्याच्या उंच टाकीच्या पोटात आहे. टाकी रिकामी आहे, वरच्या झाकणातून उजेड खाली उतरला आहे आणि त्या उजेडात अण्णा खराट्यानं तळ झाडताहेत. टाकी धुवायला उतरलं की आपलं बोलणं आपल्यालाच परत ऐकू येतं, असं ते सांगायचे.

“अण्णा,” ती हाक मारते. अण्णा, अण्णा, अशी टाकी म्हणते.

“बोल.”

“मला करमत नाही हो तुमच्याशिवाय.”

जागेपणी ती हे कुणाजवळ बोलली नसती. सुनेनं सासऱ्यासाठी किती रडायचं याचं लोकांनी एक माप ठरवलेलं असतं, आणि तिचं माप तेराव्यालाच भरलं होतं. त्यानंतर ती फक्त बोळाच्या टोकाला तांब्या ठेवत आली.

अण्णा खराटा थांबवतात. मग विचारतात, “शेंगा कोण खातंय आता?”

“कुणीच नाही. आत्याबाई रोज फोडतात आणि डब्यात भरून ठेवतात.”

“आन माझ्यावर खेकसत असंल, डबा मोकळा व्हत न्हाई म्हणून.”

“नाही ना खेकसत,” केतकी म्हणते. “तुमचा फोटो भिंतीवर आहे, पण त्यात तुम्ही कोट घातलाय. त्याच्याशी त्या बोलतच नाहीत. पायाही पडणार नाही म्हणाल्या.”

“कोट?” अण्णा स्वतःच्या अंगाकडे बघतात. “बार्शीच्या उन्हाळ्यात?” ते हसतात. टाकीही हसते. मग त्यांचा चेहरा उतरतो. “न्हाईच पडायची ती. तिला पाया पडायचं नसतंय गं. दिवा लावताना दोन शब्द भांडायचं असतंय. परक्या माणसासंगं कसं भांडंल?”

झाकणातून खाली आलेला उजेड पसरतो आणि ते दोघं गल्लीत उभे असतात. घरासमोरचीच गल्ली. पाण्याची वेळ आहे. घागरी, बादल्या, पिंपं यांची रांग लागली आहे. रांगेच्या मध्यभागी माणसं आहेत तशी आहेत. कडेची मात्र ताणल्यासारखी लांब झाली आहेत, त्यांची तोंडंही आडवी पसरली आहेत. केतकीकडे कुणी बघत नाही. अण्णांनी लांब लोखंडी चावी जमिनीतल्या खड्ड्यात घातली आहे आणि ते ती सावकाश फिरवताहेत.

“मी इथं मध्ये राहतो,” ते म्हणतात. “कडंला गेलो की तू माझा भोपळा करतीस.”

“लेन्स करते, अण्णा. मी नाही.”

ती पुन्हा बटण दाबते. पुन्हा श्वास कोंडलेला माणूस. पुन्हा दाबते. तोच. रांग कमी होत चालली आहे. पाणी जाईल, मग अण्णा जातील, आणि परवा आत्याबाई भिंतीकडे पाठ करून बसतील.

“हसा ना जरा,” ती म्हणते. आवाज रडवेला होतो.

“असं सांगून येतंय व्हय?” अण्णा चावी वर काढतात. “तू ‘झालं’ म्हणायचीस, मग मी सुटायचो. त्याच्या म्होरलं कुठं जातंय?”

“पुढचं मी कापते.”

“सगळं?”

“सगळं. तुम्ही काचेला हात लावता ना.”

“त्यातच हसतोय की मी,” अण्णा म्हणतात.

गल्लीतली माणसं नाहीशी झाली आहेत. पुन्हा बोळ आहे आणि बोळ आता आहे तेवढाच आहे, चार पावलांचा. अण्णा समोर उभे आहेत. शेंगांचा वास येतो. केतकीला कळतं की आता काय म्हणायचं आहे, आणि ते म्हटलं की संपणार हेही कळतं. ती कॅमेऱ्याचा पट्टा उगाच मनगटाभोवती गुंडाळत राहते. अण्णाही घाई करत नाहीत.

“झालं,” ती म्हणते.

भस्सकन श्वास सुटतो. अण्णांचा चेहरा मोकळा होतो, डोळ्यांपाशी सुरकुत्या पडतात, एका पडलेल्या दाताची फट दिसते. हात पुढे करून ते येतात. हात मोठा होतो, चेहऱ्याहून मोठा. “बघू तरी नवी काच.”

या खेपेला केतकी ओरडत नाही. ती कॅमेरा घट्ट धरून ठेवते. अंगठा जवळ येतो, आणखी जवळ येतो, आणि सगळा अंधार होतो.

कट्ट.

पंखा फिरतो आहे. दिवाणावरच्या चादरीची घडी तिच्या गालावर उमटली आहे. ऊन खिडकीतून आत आलं आहे, आणि बोळाच्या टोकाला स्टुलावर तांब्या आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, झाकण लेन्सवर, जसं तिनं ठेवलं होतं तसं. केतकी उठते. उगाचच म्हणून झाकण काढते.

काचेच्या बरोबर मध्यावर एक अंगठा उमटला आहे. तेलकट, रुंद, कॅमेऱ्याच्या समोर उभं राहून कुणीतरी टेकवलेला.

ती स्वतःचे हात बघते. हात कोरडे आहेत. सवयीनं ती मऊ फडकं उचलते, काचेपर्यंत नेते आणि तिथंच थांबते.

मग फडकं हातात तसंच ठेवून ती कपाटातली जुनी डिस्क काढते. लोकांना दाखवायचे व्हिडिओ ती कापून-छाटून करते, पण मूळ कच्चे व्हिडिओ तिनं कधी पुसलेले नाहीत. ते टाकाऊ, म्हणून त्यांच्यात शोधायचं कालपासून तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कॉम्प्युटरवर ती हाताला लागेल तो लावते. अण्णा बोळाच्या टोकाला ताठ उभे आहेत. तिचाच आवाज येतो, ‘झालं.’ अण्णा श्वास सोडतात, हसतात, पुढे येतात.

“अहो! अहो!” मागून आवाज येतो. चहाचा कप घेऊन आत्याबाई दारात उभ्या आहेत. “बोट न्हाई लावायचं तितं! किती डाव सांगायचं तुमाला? पोरीच्या कामाची काच हाय ती! आयुष्य गेलं माझं सांगून सांगून...”

बोलता बोलता त्या थांबतात. कप खिडकीत ठेवतात. कप ठेवतानाही त्यांची नजर पडद्यावरून हलत नाही.

केतकीनं व्हिडिओ थांबवला आहे. अंगठ्यानं सगळं झाकून जायच्या जरासं आधी. हात खूप मोठा आला आहे, आणि हाताच्या मागे अण्णा हसताहेत. गालावर तीळ आहे.

“हात केवढा आलाय,” आत्याबाई हळूच म्हणतात.

“जवळ आलेत ना. म्हणून.”

“येऊ दे.” त्या पदरानं डोळे टिपतात, मग नाक. “हाच लाव. आन त्या कोटवाल्याला उतरव आधी. वरीसभर फुकट हार घालून घेतला त्यानं.”

केतकी हसते, आणि हसता हसता रडते. आत्याबाई तिच्या पाठीवर हात ठेवायला वळतात, तेव्हा त्यांची नजर कॅमेऱ्यावर जाते. उन्हात लेन्सची काच चमकते आहे. त्या वाकतात आणि बघतात. बराच वेळ बघतात. कुणी लावला, कधी लावला, काही विचारत नाहीत. केतकीच्या हातातलं फडकं काढून घेतात, त्याची घडी करतात आणि कमरेला खोचतात.

“उद्या पूस,” त्या म्हणतात. “पाठवायच्या आधी.”