चंद्रभानची बैठक

परभणीत चंद्रभान फोटोवाल्याला दुकान नव्हतं. सायकल होती, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती आणि कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं तीन पायांचं स्टँड. लग्नाचे फोटो तो काढायचा नाही. लग्नात माणसं स्वतःच नटून येतात, त्यात आपलं काय, असं म्हणायचा. त्याला हवा असायचा बांधावर बसलेला, ओटीत कापूस घेतलेला, डोळ्यांवर ऊन येऊनही न मिटलेला एखादा चेहरा. बियाण्यांचे व्यापारी, शिलाई मशीनवाले, केसाच्या तेलाचा एक कारखानदार ही त्याची गिऱ्हाइकं. त्यांच्या कॅलेंडरांवर ज्या बाया हसायच्या, त्या चंद्रभाननं मजुरी देऊन आणलेल्या असत. मुंबईत अशा बायांना मॉडेल म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. पण पिंगळीच्या पंचफुलाला मॉडेल म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

फोटोचं वेड त्याला बापामुळं लागलं. छप्पन साली बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तेव्हा वर्तमानपत्रातलं गर्दीचं एक चित्र कापून घेऊन आला. त्यातल्या ठिपक्यांपैकी एक ठिपका म्हणजे तो. घरात कुणालाच तो ठिपका सापडत नसे. चंद्रभान मात्र बोट ठेवून दाखवायचा, आणि कुणी हसलं की म्हणायचा, "दिसत न्हाई म्हणून नसतंय का?" बायको बायनाबाई तर सगळ्यात जास्त हसायची. पुढं तिनं हेच वाक्य त्याला परत दिलं.

ते पंचाहत्तर साल. बियाण्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं वर्षभराच्या कॅलेंडरांचं काम चंद्रभानला दिलं आणि दिलेली रक्कम आपल्या खात्यात रीतसर दाखवली. मागोमाग चंद्रभानला इन्कम टॅक्सचा कागद आला. मिळकत किती, खर्च किती, दाखवा.

खर्च त्यानं लिहून ठेवलेला होता. औरंगाबादच्या स्टुडिओत उमेदवारी करताना तिथला मालक एका वेळच्या कामाला 'सिटिंग' म्हणायचा. चंद्रभान सातवी शिकलेला. उगाच इंग्रजी मिरवणं त्याला आवडायचं नाही. त्यानं त्या शब्दाचं आपल्यापुरतं मराठी केलं, बैठक, आणि वर्षभर तेच लिहीत गेला.

मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, बन्सीधर मुनीम लोकांचे हिशेब टॅक्ससाठी उतरवून द्यायचे. मोठ्यानं वाचल्याशिवाय आकडा त्यांच्या हातात उतरत नसे.

"पातळ, भाड्यानं. गजरा. टांगा, जाऊन-येऊन. पंचफुला, बैठक." मुनीम थांबले. पान उलटलं. "पुन्हा पातळ. पुन्हा गजरा. बांगड्या. पंचफुला, बैठक."

शेजारी कापसाच्या गाठीवर बसलेले हमाल बोलता बोलता गप्प झाले. आमच्याकडं बैठक म्हटलं की एकच चित्र उभं राहतं. माडीवरची गादी, तबला, आणि गाणाऱ्या बाईपुढं नोट धरलेला हात.

"चंद्रभान," मुनीम आवाज खाली आणत म्हणाले, "शौक करावा माणसानं. पण तो सरकारकडून वजा करून मागावा?"

"शौक कशाचा मुनीमजी, धंदा हाय माझा."

"मंग आमालाबी ने की एकदा धंद्याला," एक हमाल म्हणाला आणि गाठीवरची माणसं हसून लोटपोट झाली.

"आवं, बसवतो तिला. समोर बसवतो आन..."

"पुरे," मुनीमांनी हात वर केला. "साहेब विचारतील, ही पंचफुला कोण, पैसे कशाचे दिले. तिची पावती आण, अंगठा आण. नाहीतर हा सगळा खर्च कटला समज."

खर्च कटेल की राहील याची काळजी करायला चंद्रभानला सवड मिळाली नाही. दिवस मावळायच्या आत बैठकीची गोष्ट नळावर पोचली होती, आणि बायनाबाई कळशी घेऊन तिथं रांगेत उभी होती.

"ही पंचफुला कोन हाय?" घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं.

"कामाची बाई हाय."

"काय काम करती?"

"बसती."

बायनाबाईनं कळशी खाली ठेवली. "बसायचे पैसे मिळायलेत व्हय? ह्या घरानं मला तर कवा फुकट सुदिक बसू दिलं न्हाई."

"आगं, तसलं बसणं न्हवं."

"मंग कसलं? बॅगेतून शेवंतीच्या पाकळ्या निघायल्यात तुमच्या. मी म्हणलं, वाऱ्यानं आल्या असतील. असल्या कसल्या वाऱ्यात हिंडायलाव तुमी?"

चंद्रभाननं घाईघाईनं फोटो काढून तिच्यापुढं पसरले. "हे बघ. ह्यात वावगं कुठं काय दिसायलंय का?"

पंचफुला प्रत्येक फोटोत हसत होती. केसात गजरा होता. बायनाबाईनं फोटो एकावर एक रचून परत दिले.

"दिसत न्हाई म्हणून नसतंय का?" ती म्हणाली.

मग तिनं एका फडक्यात आपली दोन लुगडी बांधली आणि बोचकं फळीवर ठेवलं. "मी सोता जाऊन बघणार. खरं निघालं तर हे उचलून पालमला भावाकडं जाईन. न्यायला येऊ नका."

दुसऱ्या दिवशी ती पिंगळीला गाडीतून उतरली. आपण कोण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारत विचारत वावरात पोचली. एक काळी, हाडापेरानं मजबूत बाई कापूस वेचत होती. फोटोतली बाई हिच्याहून गोरी वाटली होती. बायनाबाईला फोटोचाही संशय आला.

"तुमी फोटूवाल्याच्या बैठकीला जाता म्हणं," ती म्हणाली.

"जाते की," पंचफुला म्हणाली. ओटीतला कापूस तिनं गाठोड्यात टाकला. "पर आता जायची न्हाई. लय वंगाळ मानूस हाय त्यो."

बायनाबाई एक पाऊल पुढं सरकली. "काय केलं त्यानं?"

"दगडावर बसिवलं. मान अशी कर, हनुवटी तशी कर. टाचेला मुंगळा डसायलाय आन ह्यो म्हणतो, हसा पंचफुलाबाई, हसा! हसले तर म्हणतो, दात कमी. वेचणी परवडली, अक्का. वेचताना मुंगळ्याला मारता तर येतं!"

"आन तुमी दोघंच असता?"

"मालक असतेत की माझे."

एवढ्यावर बायनाबाईचं भागलं नाही. नवराबायको मिळून ठरवलेलं बोलणंही असू शकतं. पंचफुलाचा नवरा लिंबाजी विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता. ती एकटीच त्याच्याकडं गेली आणि तिथं तेच पुन्हा विचारलं.

"मी आपलं धवळं धोतर दोन्ही हातांनी धरून हुबा असतो," लिंबाजी म्हणाला. "उजेड पाडायला. तिच्या तोंडावर. हात भरून येतेत, पर हालू देईना. तिला मुंगळा डसला तवा मी धोतर सोडलं, तर मलाच शिव्या दिल्या त्यानं."

मुंगळा दोघांच्याही बोलण्यात होता. बायनाबाई परत फिरली. जाता जाता तिनं पंचफुलाला विचारलं, "आन गजरा?"

"त्यो बी काढून घेतो, बया! वल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत घालतो. दिसभर आनखी तीन बायांना लावायला."

मग बायनाबाईनं आपण कोण ते सांगितलं. पंचफुला आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. बाजाराच्या दिवशी ती आणि लिंबाजी मोंढ्यात आले. अंगठा उठवताना पंचफुला म्हणाली, "काम केलंय, चोरी न्हाई." गाठीवरचा तो हमाल लिंबाजीच्या पागोट्याकडं बघून खोकला आणि उठून गेला. मुनीमांनी प्रत्येक 'बैठक' खोडून तिथं 'फोटोसाठी मजुरी' लिहिलं. कचेरीत खर्च मान्य झाला.

घरात मात्र झाला नाही. बोचकं फळीवरच राहिलं.

"आता काय राहिलं?" चंद्रभाननं विचारलं.

"एक गजरा दिसभर चार बायांच्या डोक्यावर फिरिवला तुमी," ती म्हणाली. "पाचवं डोकं घरात हाय, हे ध्यानात आलं न्हाई. का आलं न्हाई?"

याला त्याच्याकडं पावती नव्हती.

त्यानंतर तो दर वेळी दोन गजरे घेऊ लागला. एक कामाला, एक केळीच्या पानात बांधून घरी. बायनाबाई गजरा माळायची, पण आधी हुंगून, उलटसुलट करून बघायची. वापरलेला तर नाही? बोचक्यावर धूळ बसत होती, पण ते सुटत नव्हतं.

पुढच्या वर्षी इन्कम टॅक्सच्या साहेबांनी हिशेब तपासला. "गेल्या वर्षी दर वेळी गजरा एक, यंदा दोन?"

चंद्रभानला खोटं बोलता येत नव्हतं. "दुसरा घरी, साहेब."

साहेबांनी लाल पेन घेतलं. जिथं जिथं दुसरा गजरा होता तिथं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, घरखर्च, नामंजूर.

चंद्रभान खाली मान घालून घरी आला. हिशेबाचे कागद त्यानं बायनाबाईपुढं ठेवले. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रेघ दिसत होती.

"हे काय खोडलंय?"

"तुझा गजरा. साहेब म्हणले, ह्यो धंद्याचा न्हाई, घरचा हाय."

"साहेबानं सोता लिवलंय?"

"सोताच्या हातानं."

बायनाबाई दारात उजेडाला बसली. एकेका रेघेवर बोट ठेवत ती शेवटच्या पानापर्यंत गेली. मधल्या एका पानावर लाल रेघच नव्हती, तिथं ती परत आली.

"हितं रेघ न्हाई. ह्या बारीचा दुसरा कुठं गेला?"

"त्या दिशी बाजारात शेवंतीच कमी आली व्हती. एकच गावला."

सगळ्या गजऱ्यांचा हिशेब लागला होता; तिनं कागद त्याच्या हातात दिले. मग उठली, फळीवरचं बोचकं खाली काढलं आणि गाठ सोडली. लुगडी झटकून दांडीवर टाकली.

बोचक्याचं फडकं मात्र तिनं घडी करून उशाशी ठेवलं.