एकमेकांसाठी हळू

आई असेपर्यंत म्हणायची, "लग्न माझ्याशी लावलं आन संसार बाबाजींशी केला." आप्पा हसायचे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

बाबाजी म्हणजे पालीच्या रस्त्याला आमच्या घरामागं जो लहानसा गुरुद्वारा आहे, तिथले. शिकलकरी शिखांच्या घरात इथंच जन्मलेले, बोली आमच्यासारखीच. शबद, म्हणजे गुरुबाणीतली पदं, गायचे, शिकवायचे, लोकांची भांडणं मिटवायचे. ट्रकवाले, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, कोणीही लंगरला बसून जेवून जायचं. माझे वडील, आप्पा, त्यांच्यासोबत तबला वाजवायचे. वाजवणं आमच्या घराण्यात पिढीजात, पण गावाच्या लेखी ते वरातीपुढचं आणि देवळाच्या पायरीखालचं. बाबाजींनी तरुणपणी आप्पांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं आणि दरबारात, ग्रंथसाहेबासमोर, स्वतःच्या शेजारी बसवलं. त्यानंतर आप्पा दुसऱ्या कोणासाठी वाजवायला गेले नाहीत. चांगले पैसे देणारे बँडवाले दारात येऊन परत गेले.

दोघांची रीत न्यारी होती. लंगरची कणीक मळली की पहिला गोळा बाबाजी स्वतः आणून डग्ग्यावर लावायचे, आवाज भरदार यावा म्हणून. मग पहिली ओळ नुसतीच म्हणायचे, तबल्याशिवाय. तिच्यातून आप्पा लय उचलायचे, आणि दुसरी ओळ बाबाजी आप्पांच्या हातावरून घ्यायचे. म्हणजे हा त्याच्या मागं आणि तो ह्याच्या मागं. पुढं कोणीच नाही. ऐन उमेदीत ह्याचीच गंमत होती, ट्रकवाले जेवण थांबवून ऐकायचे.

मग आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं नाव पुढं केलं. शाळेतून आले की मी चहा घेऊन गुरुद्वाऱ्यात जायची. एकदा बाबाजी हळूच म्हणाले, "पोरी, त्याचा हात थकलाय. मी जरा हळू, ओढून म्हंतो. त्याला सांगू नको, लई लागंल त्याला."

त्याच आठवड्यात आप्पा घरी जेवताना म्हणाले, "बाबाजींचा दम पुरंना आता. आवाज लांबवायलेत. मी पन हात सैल सोडतो. तू बोलू नको कुठं."

मी काय करणार होते? एकाला सांगितलं तर दुसरा मोडणार. हसूही आलं आणि दोघांना धरून हलवावंसंही वाटलं. बाबाजी आप्पांसाठी हळू, ते ऐकून आप्पा आणखी हळू, ते पाहून बाबाजी त्याहून हळू. शेवटी शेवटी एक शबद संपेपर्यंत लंगरची डाळ गार व्हायची. लोक माथा टेकून मागच्या मागं निघून जायला लागले. ह्या दोघांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. इतकं सांभाळून घेणं मी नवरा-बायकोतसुद्धा पाहिलेलं नाही.

एक जुना ड्रायव्हर बऱ्याच वर्षांनी थांबला. बिचारा प्रेमानं आला होता. जेवण झाल्यावर त्यानं मोबाईल काढला आणि फार पूर्वी भरून ठेवलेला त्या दोघांचाच शबद लावला. काय धाव होती त्याला! मी उष्टी ताटं हातात धरून तशीच उभी राहिले.

संपल्यावर आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या बाबाजी. आता तेवढा दम कुठून आनायचा?"

"कुनाचा दम?"

"तुमचा. म्हनून तर मी हळू घेतो."

बाबाजींना हसू फुटलं. "आरं, माझ्या दमाला काय झालंय बे?" आणि भान न ठेवता त्यांनी तीच ओळ त्याच जुन्या चालीत, एका श्वासात म्हणून दाखवली. आवाज खणखणीत होता. म्हणून झाल्यावर त्यांनी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं.

"मग कावून हळू गात होते तुमी?" आप्पांनी विचारलं.

बाबाजींची नजर आप्पांच्या हातावर गेली आणि त्यांनी ती लगेच वळवली, पण आप्पांनी पाहायचं ते पाहिलं होतं. ते उठले, दरबारासमोर माथा टेकला आणि घरी आले. पुन्हा तबल्याला बसले नाहीत.

बाबाजींनीही गाणं सोडलं. सकाळी ग्रंथाचा पाठ करायचे, मग आमच्या अंगणात येऊन आप्पांच्या खाटेशी बसायचे. आप्पा रोज विनवायचे, "दुसरा घ्या कुनी. गा तुमी. माझ्यापायी तुमचं गानं गेलं, ह्ये घिऊन मला मरता यायचं न्हाई." बाबाजी नुसती मान हलवायचे. शेवटी आप्पांनी त्यांना स्वतःच्या जिवाची आण घातली.

दुसऱ्या दिवशी बीडहून एक तबलजी आला. भोंग्यावरून बाबाजींचा आवाज अंगणात आला, भरभरून, पहिल्यासारखा धावता. शबद संपेपर्यंत आप्पा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. थोड्या वेळानं बाबाजी आले आणि खाटेच्या कडेला बसले.

"आयकलं का?"

"आयकलं. लई ग्वाड झालं."

"खरं?"

"खरं. उद्या पन गा."

बाबाजी बरं म्हणाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तर तिथं गज धरून ते रडायला लागले. "त्याला बरं वाटतंय म्हनून गातो, पोरी. न्हाईतर माझ्याच्यानं आयकवत न्हाई त्यो तबला. त्याला सांगू नको." आत आले तर आप्पा उशीत तोंड खुपसून पडलेले. म्हणाले, "मी नको म्हनलो तर ते पुन्ना गायचे न्हाईत. त्यांना सांगू नको."

तेव्हापासून बाबाजी रोज गातात आणि आप्पा रोज ऐकतात. दोघांपैकी एकालाही ते नको आहे.