ती कृपया म्हणत नाही

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली आणि त्यापायी त्यांची बोलण्याची सवय बिघडली ती बिघडलीच. 'दाब.' 'सोड.' 'अरे, सोड!' एवढ्यावर त्यांचं भागायचं. शिकणाऱ्याला कळलं नाही तरी काही अडत नसे, कारण शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. गल्लीत त्यांना ब्रेकवाले सर म्हणतात. घरातही तीच तऱ्हा. "ते आण" म्हणायचे आणि 'ते' म्हणजे काय हे आईने ओळखायचं. आई ओळखायची, आणून द्यायची आणि देताना दोन शब्द सुनावायची.

मग आईच्या मेंदूत गुठळी झाली. ती चालायला लागली, समज शाबूत राहिली, पण शब्द गेले. काय म्हणायचंय ते तिला पक्कं ठाऊक असतं, जिभेवर मात्र येत नाही. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, रोज वाक्यं मोठ्याने वाचून घ्या, पण आईंच्या स्वतःच्या बोलण्यातली. आणि आळस करू नका, सुरुवातीच्या महिन्यांत येईल तेवढं येईल, नंतर फार कठीण.

बाबांनी हे काम अंगावर घेतलं. मी त्यांना लॅपटॉपवर एआय उघडून दिलं. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'वाक्यं दे.' त्याने दिली. सूर्य पूर्वेला उगवतो. मुले बागेत खेळतात. बाबांनी ती मोठ्या अक्षरांत छापून आईपुढे ठेवली. आईने कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं, कागद उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

'चांगली दे,' बाबांनी लिहिलं. त्याने सुविचार दिले. 'अरे!' लिहिलं. त्याने माफी मागितली आणि आणखी सुविचार दिले. दर चुकीला बाबांचा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला जात होता. एरवी मी हसले असते, पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"बाबा, कोणासाठी हवीत हे त्याला काय माहीत?"

"एवढं हुशार आहे म्हणे. कळायला नको?"

"ते म्हणजे आई नाही ओळखून घ्यायला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती कोण आहे, काय झालंय, कशी बोलते, सगळं सांगा. एखादा नमुना द्या."

सगळं म्हणजे त्यांनी लिहिलं, 'बायको. आजारी. छोटी वाक्यं.' मशीनने तत्परतेने पाठवलं, 'कृपया मला पाणी द्या. मला आता बरे वाटत आहे.' आईने पहिलं वाक्य अर्धं वाचलं आणि उठून आत गेली. त्यानंतर ती वाचायला बसेचना. एक आठवडा असाच गेला.

"ती कशी बोलायची ते लिहा," मी पुन्हा म्हटलं.

"कशी म्हणजे? बोलायची."

"काय बोलायची?"

"तूच सांग ना."

"माझ्याशी बोलायची ते मी सांगेन. तुमच्याशी काय बोलायची? तिचं एक तरी वाक्य शेवटपर्यंत ऐकलंय तुम्ही?"

ते उठून गॅलरीत गेले. मी जास्त बोलले असं मला वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि एका बोटाने ठोकत बसले. मी मागे उभी राहून वाचलं.

'माझी बायको शिवणाचे क्लास घ्यायची. मेंदूत गुठळी झाली. तिला सगळं समजतं, शब्द सापडत नाहीत. वाचून सराव करायचा आहे. वाक्य चार शब्दांपेक्षा मोठं नको. ती आजाऱ्यासारखी बोलत नाही. ती मला रागावते. मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो. चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधतो. ती अहो म्हणून सुरुवात करते. नमुना: अहो, डोळे आहेत ना? अशी रागवायची वाक्यं दे. सूर्य नको. सुविचार नको. कृपया नको, ती कृपया म्हणत नाही.'

या वेळी आलेल्या वाक्यांतली दोन-तीन बाबांनी खोडली. "अशी नाही बोलत ती," म्हणाले. उरलेली छापली.

आईला कसंबसं बसवलं. तिने कागदावर नजर टाकली आणि तिच्या भुवया वर गेल्या. शब्दाखाली बोट ठेवून ती म्हणाली, "अहो... टॉ... टॉवेल... उचला." अडखळत, पण सूर तिचाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"शाब्बास," बाबा लगेच म्हणाले. "आता खालचं. च म्हण, च. जीभ वर. हं, सोड. अगं, सोड—"

आईने कागद बाजूला सारला. ती आत काहीतरी शोधत होती, चेहरा लाल झाला होता. मी मदतीला तोंड उघडलं तर तिने हातानेच मला गप्प केलं. टेबलाखाली बाबांचा पाय पुढे गेला, आणि त्यांचा त्यांनीच मागे घेतला.

"अहो," ती म्हणाली. मग काहीच नाही. बाबा थांबले. थांबून राहिले.

"आधी... ऐका."

हे वाक्य कागदावर नव्हतं.