हुडाकच्या दुकानातले दोन डबे

ब्रॅडन्स बेंडमध्ये खिळे घ्यायला कोणी हुडाकच्या दुकानात शिरला, तर तो गावात नवा असला पाहिजे. खिळे हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात स्वस्त मिळतात. एमिल हुडाककडे माणसं जातात ती फुकटची कॉफी प्यायला, स्टोव्हभोवतीच्या चार खुर्च्यांपैकी एक अडवायला, आणि ऑगस्ट लागला की भांडायला. भांडणाचा विषय दरसाल एकच असतो. आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं चेंडू फेकून खेळ चालवणारा गडी, यंदा कोण?

हे ठरवायचं काम खरं तर कोचचं. पण कोच काय, येतात आणि जातात. पोलादाचा कारखाना होता तेव्हा अख्खं गाव शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर असायचं, आणि कारखाना गेला तरी शुक्रवार गेला नाही. अकरा पोरांत चेंडू आधी ज्याच्या हातात यायचा, तो पोरगा कोणाचा, कसला, हे गावाला विचारल्याशिवाय कसं चालेल?

म्हणून डबे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी हुडाकच्या काउंटरवर कॉफीचे दोन रिकामे डबे मांडायचे, एकेकावर एकेका पोराचं नाव चिकटवायचं, शेजारी थाळीत बोल्टला लावायचे पाव इंची नट ठेवायचे. येणाऱ्यानं एक नट उचलायचा आणि हव्या त्या डब्यात टाकायचा. ती दोन पोरंही येतात, आणि त्यांनी आपला नट दुसऱ्याच्या डब्यात टाकायचा, ही रीत. स्वतःच्या डब्यात नट टाकणाऱ्याला या गावात कोणी मुलगी दिली नसती. पाच वाजता निकाल दारावरच्या पाटीवर खडूनं लिहायचा. प्रत्येक कोच म्हणतो, मी असल्या गोष्टींकडे बघत नाही. मग सोमवारी सरावाला पाटीवरचाच पोरगा पुढे दिसतो.

यंदाचं भांडण गुरुवारी सकाळी रंगात आलं होतं.

"ट्रेंट मेझर," डॉम फुस्को म्हणाला. "सहा फूट तीन इंच. परवा त्यानं फेकलेला चेंडू कुठे पडला माहितेय? मेथडिस्ट चर्चच्या पायरीवर!"

"आणि पकडणारा कुठे उभा होता?" वांडा पेट्रोस्कीनं विचारलं. वांडा शाळेच्या खानावळीत तीस वर्षं वाढपी आहे आणि पोरांना ती त्यांच्या जेवण्यावरून ओळखते.

"मैदानावर."

"मग पाद्र्यालाच घ्या की संघात."

"हात बघ ना त्याचा, वांडा!"

"हात काय चाटायचाय? त्याला मी दुधाचं खोकं उघडताना बघते रोज. या टोकानं उघडू का त्या टोकानं, हे ठरेपर्यंत मेल्याची सुट्टी संपते. समोरून चार रेडे अंगावर येत असताना तो काय ठरवणार? माझं मत आयझेया ब्रूक्सला. ते पोरगं भरलं ताट घेऊन त्या गर्दीतून जातं, सगळे धडकतात त्याला, पण सूपचा थेंब सांडत नाही."

"बुटका आहे तो. पुढच्या फळीमागे उभा राहिला तर त्याला दिसणार काय?"

"तुला दिसायचं का रे? तूही काही ताडमाड नव्हतास."

डॉम हसला. तो नेहमी हसतो. "मला कशाला दिसायला हवं होतं? मी बाकावरचा, राखीव माणूस. बासष्ट साली गावानं एमिलला निवडलं, मला नाही. आणि गाव चुकत नाही."

दरसाल तो हे म्हणतो. दरसाल सगळे हसतात आणि एमिल कॉफीची किटली भरायला मागे जातो. किटली भरलेली असली तरी.

त्याचं कारण एकट्या एमिलला माहीत होतं. बासष्ट साली डब्यांवर नावं होती हुडाक आणि फुस्को. एक खालच्या गल्लीतला स्लोव्हाक दुकानदाराचा पोरगा, दुसरा टेकडीवरच्या इटालियन चांभाराचा. दोघे सतरा वर्षांचे, दोघांचा हात सारखाच, आणि दोघांची दोस्ती अशी की सराव संपला की एकाच सायकलवरून घरी जायचे. तेव्हा दुकान एमिलच्या वडिलांचं, आंद्रेय हुडाकांचं. नट मोजत बसेल तो दुकानदार कसला, असं ते म्हणत. नट वजनावर विकायचे. मतदानाचे डबेही ते काट्यावरच ठेवायचे. जो जड, तो जिंकला.

त्या शनिवारी दुपारी एक शेतकरी आला आणि पाव इंचीचा खण झाडून घेऊन गेला. थाळी रिकामी झाली. आंद्रेयनी शेजारच्या खणातले अर्धा इंची नट थाळीत ओतले आणि गिऱ्हाइकांकडे वळले. तीनला कारखान्याची पाळी सुटली, आणि खालच्या गल्लीतले सगळे स्लोव्हाक बाप्ये काळ्या हातांनी येऊन आपल्या पोराच्या डब्यात जाडजूड नट टाकून गेले. पाचला काटा एमिलच्या बाजूनं धाडकन खाली गेला. मुलगा जिंकतोय म्हटल्यावर बापाची नजर कितीशी तीक्ष्ण राहणार? त्यांनी पाटीवर आपलं आडनाव लिहिलं आणि शेजाऱ्यांना बिअर पाजली.

नट खणांत परत टाकायचं काम एमिलचं होतं. पाव इंची इकडे, अर्धा इंची तिकडे, असं निवडता निवडता त्याचे हात थांबले. मग त्यानं मोजले. त्याच्या डब्यात एकोणतीस. डॉमच्या डब्यात एकेचाळीस.

त्यानं ते मुकाट्यानं खणांत टाकले आणि जेवायला घरी गेला.

हंगाम काही फार गाजला नाही. सहा जिंकले, चार हरले. एमिलचा चिखलानं भरलेला फोटो अजून दुकानात लटकतोय. डॉम तीनदा मैदानात उतरला, तेही सामन्याचा निकाल ठरून गेल्यावर. कोणी मोठ्या संघात गेलं नाही, कोणाचं नशीब उघडायचं राहिलं नाही, असं एमिल स्वतःला समजावत आला. पण समजूत टिकत नसे. कारखान्यात डॉमला फोरमन करायचं घाटत होतं, तेव्हा तो म्हणाला, "नको रे बाबा, मी बाकावरच बरा." कारखाना बंद पडला, त्यानं बावीस वर्षं शाळेची बस चालवली. गावातली अर्धी पोरं त्याच्या बसमधून मोठी झाली, तरी स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की त्याचं तेच, गावानं निवडलं नाही. हसत हसत म्हणायचा. त्या हसण्यानंच एमिल आतून खचायचा.

वडील वारले तेव्हा एमिलनं काटा माळ्यावर टाकला. तेव्हापासून तो नट एकेक करून, मोठ्यानं मोजतो. तू बँकेत असायला हवा होतास, असं गाव त्याला चिडवतं.

"पण यंदा मोजायचं नाही हं," डॉम त्या गुरुवारी म्हणाला. "शेवटचं मतदान आहे."

पुढच्या जूनपासून शाळा नदीपलीकडच्या कोल्टनच्या शाळेत मिसळणार होती. कोल्टन! ज्यांना हरवण्यासाठी शंभर वर्षं जगलो, त्यांच्याच रंगाचे सदरे घालायचे. या विषयावर वांडासुद्धा विनोद करत नसे.

"शेवटचं आहे तर जुन्या रीतीनं होऊ दे," डॉम म्हणाला. "तुझ्या बापाचा काटा काढ, एमिल. धाडकन खाली जायचा तो, आठवतं? तो आवाज एकदा ऐकू दे."

"तो मोडलाय."

"मोडतोय कसला! मीच आणतो."

आणि सहासष्ट वर्षांचा माणूस शिडीवरून माळ्यावर चढला, धुळीत शिंकला, आणि काटा छातीशी धरून खाली आला. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं पारडी पुसली. काटा काउंटरवर ठेवला, एका पारड्यावर बोट दाबलं. ते अगदी नव्यासारखं खाली गेलं.

"बघ! कुठे मोडलाय?"

"डॉम, यानं नको," एमिल म्हणाला. "हा खोटं बोलतो."

"काटा? तुझ्या बापाचा?"

आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे एमिलला कळलं. पुढच्या ऑगस्टला डबे नसणार आणि हा विषय काढायला जागाही उरणार नाही. मग तो बोलला, वांडासमोर, सगळ्यांसमोर. शेतकरी, रिकामा खण, जाडे नट, तीनची पाळी. बोलताना तो डॉमकडे न बघता काट्याकडे बघत होता.

डॉम बराच वेळ हसऱ्या चेहऱ्यानं उभा राहिला. विनोद कुठे आहे ते तो शोधत होता.

"किती?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझे एकेचाळीस. माझे एकोणतीस."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

डॉमनं टोपी उचलली, डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "रोझा जिवंत असताना सांगायचं होतंस रे," तो म्हणाला. "लग्नाच्या आधी मी तिला म्हणालो होतो, विचार कर बाई, मला गावानंसुद्धा दुसऱ्या नंबरचा ठरवलाय. आम्ही दोघं जन्मभर हसलो त्याच्यावर." दाराची घंटा वाजली आणि तो गेला.

शुक्रवारी त्याची खुर्ची रिकामी राहिली. त्या खुर्चीत कोणी बसलं नाही, आणि एमिलशी कोणी धड बोललंही नाही. वांडा कॉफी न पिताच उठली. जाताना म्हणाली, "सतरा वर्षांचं पोर चुकतं रे. सत्तावीसला सांगायचंस. सदतीसला सांगायचंस."

शनिवारी डबे मांडले. गाव लोटलं. कित्येक वर्षांत न दिसलेले चेहरे आले, ओहायोहून कोणी गाडी हाकत आलं, म्हाताऱ्या आयांना नातवंडांनी हात धरून आणलं. ट्रेंट मेझर वाकून दारातून आत आला आणि त्यानं आयझेयाच्या डब्यात नट टाकला. आयझेयानं त्याच्या डब्यात टाकला. दोघे एकमेकांना ढकलत बाहेर गेले, आणि एमिल त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. पाचला त्यानं मोजलं. आयझेया ब्रूक्स तीन मतांनी. पाटीवर लिहिलं, बाहेर टाळ्या झाल्या, वांडानं कोणाला तरी शिवी घातली आणि गर्दी पांगली.

एमिल दार लावणार तेवढ्यात डॉम आला. काउंटरपाशी येऊन त्यानं दोन्ही डब्यांवरचे कागद ओरबाडून काढले आणि डबे उलटे करून रिकामे केले.

"त्या एकोणतिसात एक माझा होता," तो म्हणाला. "रीतीप्रमाणे तुझ्या डब्यात टाकलेला."

"माहितेय. तुझ्या एकेचाळिसात एक माझा."

"तुझा राहू दे. माझा मी परत घेतो." त्यानं थाळीतला एक पाव इंची नट उचलला आणि एक डबा आपला मानून त्यात टाकला. ठणकन आवाज झाला. "आता बाकीचे टाक. मोठ्यानं मोज."

तो त्याच्या खुर्चीत जाऊन बसला. एमिलनं खण ओढला आणि एकेक नट डब्यात टाकू लागला. "दोन. तीन. चार." दर नटाबरोबर डॉम मान हलवत होता, कोणाचा कोणता ते ओळखत असल्यासारखा. एकोणिसाला एमिलनं पुढचा नट हातातच धरून ठेवला.

"पुढे," डॉम म्हणाला.

"वीस. एकवीस."

बेचाळिसाला एमिल थांबला. बाहेर जाऊन त्यानं पाटीवर आयझेयाच्या नावाखाली लिहिलं, १९६२, फुस्को, आणि खडू खिशात टाकून आत आला. डॉमनं टोपीनं डोळे पुसले होते, आणि ते तो लपवतही नव्हता.

"म्हणजे तुला अठ्ठावीस पडली," तो म्हणाला. "बरी पडली की रे, तुझ्या मानानं."

"हो."

"रोझाचाही एक टाक."

"ती तर कोल्टनची, डॉम. तिला मत नव्हतं."

"माहितेय मला माझी बायको कुठली ते. टाक."

एमिलनं खणातून आणखी एक नट काढला. "त्रेचाळीस," तो म्हणाला.