घोळणा आणि पुस्तक

उन्हाळ्यात मुलीचा घोळणा फुटला, घसा कोरडा पडून दुखू लागला, की तुम्ही आधी काय बंद करता: झळ येणारी खिडकी, की तिचं पुस्तक?

आज शेजारी कुणीतरी कांदा फोडला आणि त्या वासासरशी मी जळगावजवळच्या आमच्या ओट्यावर जाऊन पोचले. सातवीची परीक्षा तोंडावर आली होती. माझ्या रक्ताळलेल्या नाकाशी फोडलेला कांदा होता आणि समोर माझे वडील, नाना.

"बठ्ठं, सगळं या वाचनामुळे शे. डोकं तापतं, म्हणून रक्त येतं. परीक्षा राहू दे."

"मग मी केळीच्या बागेत वाचते, नाना. तिथंही रक्त आलं, तर पुस्तकं तुमची."

बागेत पाटाचं पाणी खळाळत होतं. पानांखालची हवा ओलसर, गार होती. रोज अंधार पडेपर्यंत मी मोठमोठ्यानं वाचत राहिले. नाना पाणी देता देता चोरून माझ्या नाकाकडे पाहत. ना घोळणा फुटला, ना घसा दुखला.

शेवटी नानाच म्हणाले, "मास्तरीणबाई, नाक घरी विसरून आलात का?"

"नाक इथंच आहे. घरची कोरडी झळ तेवढी इथं नाही."

ते खळखळून हसले. परीक्षेला गाडी त्यांनीच जुंपली आणि घरच्या खिडकीला ओलं गोणपाट टांगलं. तेव्हा वाटलं, परीक्षा मिळाली. आज कळतं, मला माझं सगळं आयुष्य मिळालं होतं.

तुमच्याही खिडकीला ओलं कापड लावा, मुलीला पाणी द्या. पुस्तक मात्र तिच्या हातातच राहू द्या.