मणक्यातली जुनी खूण

सत्तावीस वर्षांपूर्वी, मुलीला अंगावर पाजत असताना, माझी पाठ इतकी दुखायची की कूस बदलायला भिंतीचा आधार लागायचा. दत्तमहाराजांकडे आराम मागितला, मिळाला नाही. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्यांनाच होतं. तुझं जरा जास्तच." वर्षभराने दुखणं गेलं. आपलं ऐकलं गेलं नाही, हा सल मात्र राहिला. देवळात दर गुरुवारी जात होते, ते सवयीने.

यंदा तीच मुलगी, मीरा, पहिल्या बाळंतपणाला मांजलपूरच्या घरी आली. बाळ दीड महिन्याचं झालं आणि तिची पाठ धरली. मी म्हणाले, "सगळ्यांनाच होतं." मालिशवाल्या शांतामासींना सांगितलं, "जोर लावा, मोकळी होईल." मीरा रडायची. मासी म्हणायच्या, "आजकालनी छोकरी तो माखणनी!" आजकालच्या पोरी लोण्याच्या, या त्यांच्या बोलण्यावर मीही हसले होते.

एका गुरुवारी निजामपुऱ्यातल्या दत्तमंदिराच्या पायरीवरून मी घसरले. पाठीत कळ आली. घरी जाऊन मासींकडून चोळून घेऊ, असं ठरवून रिक्षा शोधू लागले. मागून आलेल्या एका अनोळखी बाईंनी दंड धरला. "बेन, मालिश नहीं हं. पहेलां फोटो पडावो." आधी फोटो काढून घ्या; एक्स-रेला त्या फोटो म्हणत होत्या. मालिशचं तर मी मनातच ठरवलं होतं. त्यांनीच मला जवळच्या दवाखान्यात नेलं.

नवं काही मोडलं नव्हतं. पण एक मणका पुढून दबलेला होता, आणि ती दुखापत जुनी होती. डॉक्टरांनी विचारलं, "बाळंतपणं किती? नंतर पाठ दुखली होती?" मी सांगितलं. गरोदरपणात आणि पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी वापरलं जातं, ते म्हणाले. बहुतेकींचं नंतर भरून येतं. क्वचित एखादीचा मणका दबतो. पाळी गेल्यावर हाडं पुन्हा झिजतात, म्हणून माझी तपासणी आता टाळता येणार नव्हती.

मी तिथूनच घरी फोन लावला. मासींची यायची वेळ झाली होती.

"मीरा, पाठीला हात लावू देऊ नकोस."

"आत्ताच पालथी झाले होते गं, मासी तेल ओतणारच होत्या," ती म्हणाली.

बाहेर आले तेव्हा त्या बाई गेल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं.

एक्स-रेत मीराचाही मणका दबलेलाच निघाला. औषधं सुरू झाली, कमरेला पट्टा आला, बाळाला वरचं दूध लागलं. तिने मला दोष दिला नाही. एकदाच विचारलं, "आई, तुझ्या वेळी कोणीच आलं नाही ना?"

नाही आलं. का, ते मला कळलेलं नाही, आणि आता मी विचारतही नाही. वाकून नमस्कार करायला मला मनाई आहे. देवघरासमोर स्टुलावर बसते आणि ताठ पाठीनेच हात जोडते. मीराच्या वेळी कोणीतरी आलं, एवढ्यासाठी.