जगभर ऐकू गेलेला घास

माझ्या मावशीसमोर जेवताना आवाज करायची कुणाची छाती नव्हती. अख्खी नोकरी तिने हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून केली. तिच्या वॉर्डात पेशंट कण्हायचेसुद्धा परवानगी काढून, असं काका म्हणायचे. घरीही तोच कायदा. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायची तेव्हा टोस्ट दुधात पुरता विरघळेपर्यंत बुडवून ठेवायची, कारण कोरडा चावला की टेबलाच्या त्या टोकाकडून नजर यायची. तोंड मिटून खायचं, घास गिळून मग बोलायचं. गुरांना गोठा असतो, माणसांना टेबल, हे तिचं वाक्य मला अजून पाठ आहे.

आणि संसार मात्र तिने थाटला तो आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाशी. सिनेमात नायक चालतो, पण पावलं वाजवतो दुसराच कुणीतरी. दार करकरतं, घोडे दौडतात, तलवारी खणखणतात, ते सगळं नंतर एका बंद खोलीत माइकसमोर होतं. तो दुसरा माणूस म्हणजे आमचे काका. घरामागच्या त्यांच्या खोलीत भंगारवाल्यालाही मोह पडावा असा पसारा होता: खडीने भरलेला ट्रे, भिंतीशिवाय नुसतंच उभं असलेलं दार, काकांच्या मापाच्या उंच टाचांच्या लेडीज चपला, आणि एक मोडकी छत्री. ती भराभर उघडमीट केली की कबुतरांचा थवा उडायचा.

पुढे कॉम्प्युटर आले. सगळे आवाज तयार मिळायला लागले आणि काकांना कुणी बोलवेना. तरी ते रोज त्या खोलीत जाऊन खडी झाडायचे. मावशी वरून काही बोलायची नाही, पण चहा मात्र तिकडेच नेऊन द्यायची.

अशात एक दिवस जाहिरात कंपनीचा माणूस आला. केसांची शेपटी बांधलेला, म्हणून मावशीने दारातच त्याचं नाव पोनीवाला ठेवलं. तळलेलं चिकन कागदी बादलीत भरून विकणारी एक अमेरिकन कंपनी एकाच वेळी कितीतरी देशांत दुकानं उघडत होती. जाहिरातीचं शूटिंग झालं होतं. सुंदर मुलगी, सुंदर तंगडी, सुंदर चावा. फक्त आवाज आला होता "मच्".

"आणि कॉम्प्युटरमधले आवाज?" काकांनी विचारलं.

"काच फुटल्यासारखे वाटतात हो. आमच्या साहेबांना असा कुरकुरीत आवाज हवाय की ऐकणाऱ्याने चप्पल घालून थेट दुकान गाठावं. लोक आधी कानांनी खातात, काका."

हे वाक्य काकांना इतकं आवडलं की त्यांनी लगेच होकार दिला. मी त्या आठवड्यात तिथेच राहायला होते, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा डोळ्यांनी पाहिला. काकांनी कोबी चावला, कच्चा बटाटा चावला, वाळलेला पाव चावला. पण त्यांच्या तोंडात नवी कवळी होती. चिकन खाण्याऐवजी कुणी टाइपरायटर बडवतंय असं ऐकू येत होतं. पोनीवाल्याने स्वतः चावून बघितलं, तर तो एवढा भीतभीत चावला की जणू पावालाच लागेल. मी चावले, तर मला हसूच आवरेना.

तेवढ्यात दार उघडलं. मावशी इस्त्री अर्धवट टाकून आली होती.

"काय चाललंय काय? माणसं आहात की उंदीर?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे बघितलं. एकही दात किडलेला नाही, एकही पडलेला नाही.

"अगं, जरा बस ना इथे."

"मी? माइकसमोर चावू? लोक काय म्हणतील!"

"लोकांना कळणार कसं? चेहरा त्या मुलीचा आहे."

मावशी नाही नाही म्हणत हात धुऊन आली, दात घासून आली, आणि घड्याळ टिकटिक करेल म्हणून तेही काढून ठेवलं. काकांनी दोनदा भाजलेल्या पावाच्या तुकड्याखाली कोबीचं जाड पान ठेवून तिच्या हातात दिलं. तिने डोळे मिटले, चावलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांची सवय! पाव कधी फुटला ते पावालाही कळलं नसेल.

"अगं, तोंड उघडं ठेव."

"मला नाही जमत! लाज वाटते."

"बरं, मग तुझी बदली करणारे ते मोठे डॉक्टर आठव."

मावशीने डॉक्टर आठवले आणि असा काही लचका तोडला की पोनीवाला दोन पावलं मागे सरकला. "मॅडम," तो घाबरत म्हणाला, "हे चिकन खाणं नाही झालं. हा खून झाला."

यावर मावशी हसली. एरवी गालातल्या गालात हसणारी बाई, त्या दिवशी तिला हसण्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि दुपारचं जेवण राहिलेलं, भूक लागलेली, हातात पाव. हसता हसताच तिने मोठा घास घेतला.

कर्रर्र... कुडुम्.

पोनीवाल्याने आवंढा गिळला तोही हेडफोनमध्ये ऐकू आला. काका बटण बंद करायचं विसरून बायकोकडे बघत बसले होते. मग पोनीवाला हळूच म्हणाला, "इथे जवळपास काही खायला मिळेल का?"

महिन्याभराने आमच्या बाजारपेठेत त्या कंपनीचं दुकान उघडलं. आदल्या दिवसापर्यंत "बादलीतून का कोणी जेवतं?" म्हणणारी मावशी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून तयार. रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. दारावरच्या मोठ्या पडद्यावर जाहिरात पुन्हा पुन्हा लागत होती. मुलगी तंगडी उचलायची आणि रांगेतली बोलणी थांबायची. कर्रर्र, कुडुम्! आमच्या पुढच्या गृहस्थांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि बायकोला म्हणाले, "लहान नको, मोठीच बादली घेऊ."

मावशीने मला असं कोपराने ढोसलं की बरगडी दुखली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण तिला राहवलं नाही. ती दरवाज्यावरच्या वॉचमनकडे वाकून म्हणाली, "ते चावलंय ना, ते मी चावलंय."

"असू दे आजी," वॉचमन म्हणाला, "आत दुसरं ताजं मिळेल."

आत तिने चिकन खाल्लं आणि निकाल दिला, "आवाज माझा बरा आहे. चव त्यांचीच चांगली." आणि आणखी एक तुकडा उचलला.

त्यानंतर परदेशात असलेल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती नुसती किंचाळत होती. "आई! इथे मुलगी वेगळी आहे, भाषा वेगळी आहे, पण चावतेयस तूच!" कंपनीने प्रत्येक देशासाठी तिथला चेहरा घेतला होता, तिथली वाक्यं लिहून घेतली होती, पण घास मात्र बदलला नव्हता. त्याचं भाषांतर करायची कुणाला गरजच वाटली नाही. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं माझ्या मावशीची भूक ऐकून रस्ता ओलांडत होती.

मग बिस्किटवाले आले, वेफर्सवाले आले, एक सफरचंदाचा रस विकणाराही आला. काकांची खोली पुन्हा गजबजली. ते माइक लावायचे, ती चावायची. मधून भांडणंही व्हायची. "बिस्किट असं ओरबाडून नाही खात, जरा नाजूक." "मग तुम्हीच खा ना तुमच्या कवळीने!" भांडणाचा आवाजही एकदा चुकून टेप झाला आणि काकांनी तो जपून ठेवला आहे.

गेल्या वर्षी दोघं लेकीकडे जाऊन आली. तिथला किस्सा मला मावसबहिणीने सांगितला. तिघं त्याच कंपनीच्या दुकानात गेली. पडद्यावर मावशी चावत होती. लेकीला राहवेना, तिने काउंटरवरच्या मुलीला सगळं सांगितलं. मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरचा विश्वास बसेना. शेवटी त्याने हात जोडल्यासारखं करून खुणेने विचारलं, दाखवता का?

मावशीने खुणेनेच कोबीचं पान आणि खरपूस पाव मागवला. सगळ्या दुकानासमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि चावली.

आणि काय आरोळी उठली! कोपऱ्यातल्या टेबलावरची शाळकरी पोरं उठून नाचायला लागली. मॅनेजरने दुकानाची लाल कागदी टोपी स्वतःच्या हाताने मावशीच्या डोक्यावर ठेवली आणि काउंटरच्या आत उभं करून फोटो काढला.

ती टोपी तिने काढली नाही. तशीच बसमध्ये चढली, खिडकीपाशी ऐटीत बसली. आणि काका शेजारी बसून, ज्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं अशा प्रत्येक प्रवाशाला, कुणी न विचारताच सांगत होते, "माझी बायको. हो हो, माझीच."